निवृत्तांना बाकडं नको, रिंग द्या

निवृत्त माणसांच्या गप्पांत तीन विषय हटकून निघतात: तब्येत, मुलंबाळं आणि शाळा. तिसऱ्या विषयावर गाडी आली की जो कधी काळी शाळेच्या संघात होता तो सावरून बसतो. तो बास्केटबॉल खेळलेला असेल तर विचारूच नका. अंतिम सामना, एका गुणाची पिछाडी, शेवटचे काही सेकंद आणि रिंगवर दोनदा फिरून आत पडलेला बॉल. ऐकणारे हसून मान डोलावतात, कारण ही गोष्ट त्यांनी आधीही ऐकलेली असते आणि दर खेपेला शिल्लक सेकंद थोडे कमी झालेले असतात. घरच्यांना वाटतं, वय झालं, आता हे असंच चालायचं. मला मात्र या गोष्टीत तक्रार ऐकू येते. आपल्याला काय कमी पडतंय ते हा माणूस सांगत असतो आणि आपण ते स्मरणरंजन म्हणून सोडून देतो.

निवृत्तांसाठी समाज काय करतो ते एकदा नीट पाहा. थोडी जागा आणि थोडा पैसा असेल तिथे बाकडी बसवली जातात, चालण्यासाठी पट्टा आखला जातो, फारच झालं तर व्यायामाची लोखंडी यंत्रं येतात. या सगळ्यामागचं गृहीतक एकच आहे. वय झालेल्या माणसाने बसावं, चालावं किंवा एकट्याने काहीतरी ओढावं-ढकलावं. त्याने खेळावं असं कुणाच्या मनातही येत नाही. रिंग लावतात ती मुलांसाठी. आजोबांनी नातवाला सोडायला यावं आणि बाकड्यावर बसून बॉल बघावा, एवढीच त्यांची नेमणूक. हे बदलायला हवं, आणि त्यासाठी फारसा खर्चही लागत नाही.

आधी आठवणींचं बघू. साठी-सत्तरीतल्या माणसांना आयुष्यातल्या कोणत्याही आठवणी सांगा म्हटलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना चांगलं माहीत आहे. आलेख काढला तर त्या जागी चक्क उंचवटा दिसतो. त्या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदाच घडत असतात आणि आपण कोण हेही त्याच सुमारास ठरत असतं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की म्हातारपणी मागे वळून पाहणं म्हणजे डोकं सैल झाल्याची खूण नव्हे, आयुष्याचा हिशेब लावण्याचं ते स्वाभाविक काम आहे. हे पटण्यासारखं आहे. पण हिशेब लावला की येणी-देणी निघतात, त्यांचं काय करायचं?

बास्केटबॉल खेळलेल्यांच्या आठवणी जरा खोदून पाहिल्या तर गंमत दिसते. स्कोअर कुणालाच धड आठवत नाही. हरलेल्या सामन्याचा निकालसुद्धा कधी कधी जिंकल्याचा होऊन बसतो. जे पक्कं राहतं ते शरीरात राहतं. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर कुणी न अडवता मिळणाऱ्या शॉटच्या, रेषेवर कसं उभं राहायचं ते आजही सांगावं लागत नाही. उजवा पाय किंचित पुढे. बॉल दोनदा आपटायचा, फिरवून खाच शोधायची, तिच्यावर बोटांची पेरं आडवी टेकवायची, तळहात मोकळा ठेवायचा. गुडघ्यात वाकायचं, श्वास सोडायचा आणि मनगट असं सोडायचं की बॉल गेल्यावरही हात क्षणभर वरच राहील, बोटं खाली झुकलेली. रिंगमागच्या बोर्डापासूनचे ते साडेचार मीटर आणि वरचे दहा सेंटिमीटर खांद्याला पाठ असतात. ज्याने कित्येक वर्षांत बॉलला हात लावलेला नाही तो रद्दी कागदाचा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकतो तेव्हाही मनगट तसंच सुटतं. बायको म्हणते, उठून टाका की. उठून टाकण्यात काय मजा!

दुसरं जे राहतं ते माणसांचं. कोण उजव्या हाताशिवाय ड्रिबलच करत नसे, कोण पाच फाउल झाल्याशिवाय बाहेर येत नसे, कोण रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला बॉल पकडताना, कोपर मारायचा आणि वर स्वतःच कळवळायचा. आणि तो एक जण, ज्याला न बघता कळायचं की आपण आता डावीकडून कापून रिंगखाली पोचणार आहोत. आपण पोचायचो आणि बॉल आलेला असायचा. असं पुन्हा आयुष्यात फारसं घडत नाही. ऑफिसात घडलं असेल तर तो माणूस भाग्यवान.

आता निवृत्तीतल्या रोजच्या दिवसाकडे या. सुरुवातीचे काही महिने झकास जातात. झोप पुरी होते, कपाटं आवरून होतात, रखडलेले कागद फायलीत लागतात. मग एखाद्या सकाळी लक्षात येतं की वर्तमानपत्र वाचून झालं, अंघोळ झाली, घड्याळात दहा वाजलेत आणि संध्याकाळ अजून कितीतरी लांब आहे. मग माणूस युक्त्या काढतो. बँकेचं एका खेपेत होणारं काम दोन खेपांत करतो. रक्तदाब सकाळी मोजलेला असतो तो दुपारी पुन्हा मोजतो. फोनवर आलेला प्रत्येक निरोप पुढे पाठवतो आणि लोक वैतागतात. कुणी याला रिकामपण म्हणतं, कुणी एकटेपण. मला त्याच्या मुळाशी एक अगदी व्यावहारिक गोष्ट दिसते. आपण अमुक वेळी अमुक ठिकाणी गेलो नाही तर कुणाचंही काहीही अडत नाही. नोकरीत ते अडायचं. नकोसं वाटायचं, शिव्या द्यायचो, पण अडायचं.

आणि हा काळ आता लहान राहिलेला नाही. जर्मनीत चान्सलर बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ मध्ये वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला, तेव्हा वयाची अट सत्तरची होती. ती पासष्टवर आली १९१६ मध्ये. त्या काळी कामगारवर्गात तितकं वय गाठणारेच थोडे, त्यामुळे पुढे करायचं काय हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडायचं कारण नव्हतं. आज साठीला घरी बसलेला माणूस ऐंशी पार करतो तेव्हा कुणाला आश्चर्य वाटत नाही. म्हणजे वीस वर्षं. शाळा आणि कॉलेज मिळून जेवढी होतात त्याहून अधिक. त्या पहिल्या वर्षांसाठी समाजाने वेळापत्रक, मैदान, शिक्षक, स्पर्धा, सगळं उभं केलं. शेवटच्या वीस वर्षांसाठी बाकडं.

चालायला माझा विरोध नाही. चालणं उत्तम, स्वस्त आणि बहुतेकांना झेपणारं आहे. पण चालणाऱ्याची कुणी वाट बघत नाही. आज पाऊस आहे, आज कंबर धरली, आज कंटाळा आला. पट्ट्याला काही फरक पडत नाही. खेळात चौथा आला नाही तर तिघं खोळंबतात आणि फोन करून विचारतात, आहेस कुठे? या एका फोनमध्ये जे औषध आहे ते कुठल्याही यंत्रात नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेल्या दीर्घ अभ्यासातून उतारवयातली तब्येत आणि माणसामाणसांतल्या नात्यांचा दर्जा यांचा घट्ट संबंध पुढे आला, तो बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो. वाचून आपण म्हणतो, माणसं जोडायला हवीत. पण साठीनंतर माणसं जोडायची म्हणजे नेमकं करायचं काय? समोरासमोर बसून ओळखी वाढवणं बहुतेकांना, विशेषतः पुरुषांना, अवघड जातं. हातात बॉल असला की ओळख आपोआप होते, कारण बोलायला विषय लागत नाही. पास दे म्हटलं की झालं.

शरीराच्या बाजूनेही खेळाचं पारडं जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टच्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, तिथवर चालणं पुरतं. पण त्याच्याच पुढे असंही म्हटलंय की आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारे मिश्र व्यायाम करावेत. हे वाक्य बाकडी बसवणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही. तोल सरळ रेषेत चालून सुधारत नाही. एका पायावर वळणं, थांबणं, मागे सरकणं, बाजूला पाऊल टाकणं, नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे असणं, यातून तो सुधारतो. बास्केटबॉलमध्ये ज्याला पिव्होट म्हणतात, म्हणजे एक पाय रोवून दुसऱ्याने फिरणं, ते स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे वळताना पडू नये म्हणून हवं असलेलंच कौशल्य आहे. जगात दर वर्षी अंदाजे ६,८४,००० माणसं पडून मरतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सर्वांत मोठं आहे. पडण्याच्या भीतीने हालचाल कमी करायची, हालचाल कमी म्हणून पाय आणखी लुळे पडायचे आणि मग खरोखरच पडायचं, हे चक्र डॉक्टरांना रोज दिसतं.

इथे लगेच आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बास्केटबॉल? या वयात? गुडघे, घोटे, टाचेमागची शीर, हृदय, सगळ्यांवर घाला घालणारा खेळ. पूर्ण कोर्टवर पळायचं, उड्या मारायच्या, अंगावर अंग आदळायचं. बरोबर आहे. ज्याने चाळीस वर्षांत धावपळ केलेली नाही त्याने शूज घालून थेट फास्ट ब्रेकला, म्हणजे बॉल मिळताच समोरच्या रिंगकडे सुसाट, पळावं हा शुद्ध वेडेपणा आहे. आठवण इथेच दगा देते. मन सतरा वर्षांचं होऊन बॉलमागे निघतं आणि पोटरी पासष्टचीच असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय, अंग तापवल्याशिवाय, पहिले काही आठवडे नुसते पास आणि उभ्याने शॉट मारल्याशिवाय कुणी सामना खेळू नये. उडी तर विसरूनच जावी.

पण हा आक्षेप गृहीत धरतो की बास्केटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसतो तोच, आणि त्याचे नियम दगडावर कोरलेले आहेत. इतिहास याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ बसवला तो लहान मुलांसाठी नव्हे, हिवाळ्यात व्यायामशाळेत तीच ती कवायत करून कावलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांसाठी. वर्गात अठरा जण होते म्हणून एका बाजूला नऊ-नऊ. गॅलरीचा कठडा दहा फुटांवर होता, पीचच्या टोपल्या तिथे ठोकल्या, म्हणून आजही जगभर रिंग ३.०५ मीटरवर. त्यात शास्त्र काही नाही. बॉल घेऊन पळायचं नाही हा नियम केला तो आडदांडपणा टाळायला, आणि लक्ष्य डोक्यावर टांगलं तेही जोरात फेकण्यापेक्षा अलगद टाकण्याला किंमत यावी म्हणून. म्हणजे अंगाला अंग भिडू नये, कुणी जखमी होऊ नये, हा या खेळाचा पहिला हेतू होता. पुढे तो राहिला नाही, हा भाग वेगळा.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्याच स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजात तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी मुलींसाठी तोच खेळ बदलून घेतला. कोर्टचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपल्या भागाबाहेर जायचं नाही असं ठरवलं. बायकांना जास्त श्रम झेपत नाहीत हा त्यामागचा तेव्हाचा समज पुढे खोटा ठरला आणि ते नियम मागे पडले. पण खेळणाऱ्यांप्रमाणे खेळ कापून-शिवून घेता येतो हे तेव्हाच सिद्ध झालं. भाग पाडून खेळण्याची ती युक्ती सत्तरीतल्या गुडघ्यांना आज जशीच्या तशी उपयोगी पडेल.

आणि आम्ही शाळेत खेळलो तो खेळ तरी आज कुठे शिल्लक आहे? सत्तरच्या दशकात शाळेत असलेल्यांनी तीन गुणांची रेषा पाहिलेलीच नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांत ती आली १९८४ मध्ये. कितीही लांबून टाका, गुण दोनच. रिंगखालचा रंगवलेला भाग खाली रुंद आणि वर अरुंद असायचा, तो २०१० मध्ये आयताकृती झाला. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ होते, ते २००० मध्ये दहा मिनिटांचे चार झाले, आणि शॉट मारायला मिळणारे तीस सेकंद चोवीसवर आले. तरुणांसाठी, प्रेक्षकांसाठी, टीव्हीसाठी एवढे बदल चालतात, मग म्हाताऱ्यांसाठी दोन-चार चालायला हरकत कसली? इंग्लंडमध्ये चेस्टरफील्ड इथे २०११ मध्ये चालत खेळायचा फुटबॉल सुरू झाला. पळालात की फाउल. तो बघता बघता देशोदेशी पसरला. बास्केटबॉलही आता तसा खेळला जातो. तिघा-तिघांचा अर्ध्या कोर्टवरचा खेळ तर टोकियो ऑलिंपिकमध्येच दाखल झाला. त्याचा ऑलिंपिकमधला वेग आपल्याला नको, पण अर्धं कोर्ट आणि कमी माणसं एवढं उचलायला काय जातं? ज्यांची हौस याहून मोठी आहे त्यांच्यासाठी १९९१ पासून ज्येष्ठ खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आणि तिच्या स्पर्धांत सत्तरीच्या पुढच्यांचेही गट असतात.

माझ्या ओळखीचा एक गट असा खेळतो. अर्धं कोर्ट, धावायचं नाही, बॉल हातात असलेल्याला हात लावायचा नाही, फक्त हात वर करून उभं राहायचं. बायकांचा असतो तो जरा लहान, सहा नंबरचा बॉल सगळ्यांसाठी, कारण बऱ्याच जणांची बोटं आता आखडलेली असतात. त्यांच्यातला एक जण शाळेत राखीव खेळाडू होता. वर्षभर बेंचवर बसून इतरांचे टॉवेल सांभाळले, सामना हातचा गेल्यावर शेवटची दोन मिनिटं आत जायला मिळायचं. तो आता सगळ्यांत आधी येतो, बॉलमध्ये हवा भरतो आणि सगळ्यांत उशिरा जातो. त्याच शाळेचा उंचापुरा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा गडी, ज्याच्या नावाने शाळा टाळ्या पिटायची, तोही येतो. कुंपणाबाहेर उभा राहतो, गजांत बोटं अडकवून. कोणी कुठे उभं राहायला हवं होतं ते तिथून सांगतो. आत ये म्हटलं की गुडघ्याकडे बोट दाखवतो. गुडघा खरंच दुखतो की नाही कुणी विचारत नाही. एके काळी उडी मारून हात वर केला की रिंग बोटांना लागायची, तिला आता बॉलसुद्धा पोचला नाही तर, ही धास्ती आम्हाला समजते. चांगलं खेळलेल्यांना परत खेळणं सर्वांत जड जातं. मध्यम खेळलेल्यांचं बरं असतं, त्यांच्याजवळ गमावण्यासारखं फारसं नसतं.

यातूनच शाळेतल्या खेळाबद्दल एक प्रश्न उभा राहतो, आणि तो निवृत्तांपुरता नाही. शाळेचा संघ म्हणजे बारा जण. त्यांतले पाच खेळणार, दोघं-तिघं आलटून पालटून, बाकीचे बेंचवर. उरलेली शाळा प्रेक्षकांत. खेळाच्या तासाचा सगळा जोर या बारांची निवड करण्यावर असतो आणि निवड म्हणजे दुसऱ्या बाजूने नकारच. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला एकदा कळलं की आपण संघातले नाही, की तो बहुधा कायमचा प्रेक्षक होतो. पुढे पन्नास वर्षांनी त्याला कुणी म्हणालं, ये खेळायला, तर तो म्हणतो, मला कुठे येतं? जे निवडले गेले त्यांचंही फार वेगळं होत नाही. त्यांना जिंकण्यासाठी खेळायला शिकवलेलं असतं, आणि जिंकण्याचं वय सरलं की खेळही सरतो. गंमत म्हणजे हा खेळ ज्यांनी शोधला ते नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक होते आणि तिथे त्यांचे ५५ विजय नि ६० पराभव झाले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले तेवढेच एक. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला आपला खेळ पाहायला गेले तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. अंतिम सामना उघड्यावर, पावसात, चिखलात झाला आणि १९ विरुद्ध ८ असा संपला. त्या चिखलात बॉल आपटून वर येत नव्हता. तरी खेळले.

बायकांचा हिशेब तर अजून मागचा आहे. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९३६ साली, बायकांचा १९७६ साली. मधली चाळीस वर्षं. आज ज्या बायका साठी-सत्तरीत आहेत त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना शाळेच्या आठवणींत खेळ सापडत नाही, कारण तो दिलाच नव्हता, किंवा दिलेला असून एका वयानंतर काढून घेतला. म्हणून निवृत्तांचा खेळ म्हणजे माजी खेळाडूंचा मेळावा होता कामा नये. ज्यांच्याकडे आठवण नाही त्यांचा हक्क उलट पहिला धरायला हवा. आणि खरं सांगायचं तर पासष्टव्या वर्षी पहिल्यांदा बॉल हातात घेणारी बाई लवकर शिकते, कारण तिला आपण पूर्वी कसे खेळायचो याचं ओझं नसतं.

मग जागा कुठून आणायची? ती आहेच. सार्वजनिक कोर्टांवर गर्दी होते ती शाळा-कॉलेज सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी. इतर दिवशी सकाळी नऊ ते दुपारी चार रिंगा रिकाम्या उभ्या असतात, आणि नेमक्या याच वेळेला निवृत्त माणसापाशी वेळच वेळ असतो. एकाही मुलाची जागा न घेता हे जमतं. शाळांच्या आवारातल्या कोर्टांचं मात्र जपून करावं लागेल. मुलं शाळेत असताना बाहेरच्या माणसांना आत सोडू नये हे शाळांचं म्हणणं योग्य आहे, तिथे भावनेला थारा नको. शाळा भरण्याआधी किंवा सुट्टीत, नावनोंदणी केलेल्या गटाला, ठरावीक फाटकातून, एवढं तरी करता येईल. पडलात तर जबाबदार कोण, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ज्याचा तो, असं लिहून द्यायला बहुतेक जण तयार असतात. त्याबरोबर प्रथमोपचाराची पेटी, आणि छातीत दुखलं तर काय करायचं हे शिकलेला एक जण कायम हजर, ही अट गटाने स्वतःहून घालून घ्यावी. कोर्टजवळ चालू स्थितीतलं स्वच्छतागृह असावं, हे मात्र मागूनच घ्यावं लागतं. साठीच्या पुढचे निम्मे लोक खेळायला का येत नाहीत, याचं खरं कारण पुष्कळदा तेच असतं आणि ते कुणी उघड बोलत नाही.

सावलीत एखादं बाकडंही असू द्या. दम लागल्यावर बसायला लागतं, आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्यांना तेवढ्याच निमित्ताने आत घेता येतं.

राहता राहिला मैदानाचा कारभार पाहणारे नेहमी विचारतात तो प्रश्न: येणार किती जण? सुरुवातीला फार येणार नाहीत. चार आले तरी दोन-दोनचा सामना होतो. तिघं आले तर आळीपाळीने फ्री थ्रो मारता येतात, आणि चौथ्याला फोन करता येतो.